जुनं पान पायपेटीवर लावण्याआधी

एका लग्नात माझी फजिती झाली, तिथून जुन्या संगीताची छापील पानं पारखून घ्यायचं हे सगळं सुरू झालं. मी नगरचा, एस.टी. वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. सोळाव्या वर्षापासून चर्चमध्ये पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, वाजवतो. नवरीच्या मैत्रिणीला गुनोची ‘आव्हे मारिया’ म्हणायची होती. तिची साथ म्हणजे जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला प्रील्यूड (छोटी चीज), त्याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ या पुस्तकातला अगदी पहिला. तो माझ्या बोटांत पक्का होता. तालमीला वेळ नव्हता. पहिले चार बार (तालाचे खण) मी एकट्याने वाजवायचे आणि मग तिने सुरू करायचं, एवढंच बोलणं झालं. बाविसाव्या बारपर्यंत सगळं छान चाललं. पुढच्याच बारला तिचा सूर आणि माझा खर्ज यांची जी जुंपली ती शेवटपर्यंत मिटली नाही. पाळकसाहेबांनी मोठ्या मनाने ‘आमेन’ म्हटलं.

घरी येऊन दोन्ही पानं शेजारी ठेवली. तिच्या पानात एक बार जास्त होता.

बाखने १७२२ साली स्वतःच्या हाताने लिहिलेल्या प्रतीत या प्रील्यूडचे बार आहेत ३५. बाविसाव्यात खर्ज एफ शार्पवर आहे, तेविसाव्यात तो थेट ए फ्लॅटवर जातो आणि मग खाली जीवर येतो. मधला जी ओलांडून मारलेली ही उडी पुढे कुणाला तरी खटकली. त्याने मध्ये जीवर एक बार बांधून दिला, जिन्याची तुटकी पायरी बसवावी तसा. श्वेंके नावाच्या संगीतकारावरून त्याला ‘श्वेंकेचा बार’ म्हणतात. पियानोशिक्षक चेर्नीच्या १८३७ च्या आवृत्तीत तो आला, त्या आवृत्तीवर पिढ्या शिकल्या, आणि गुनोच्या गाण्यातही तो आहे.

म्हणून जुन्या कीबोर्डचं, म्हणजे हार्प्सिकॉर्डचं किंवा ऑर्गनचं, कुठलंही पान हाती आलं की वाजवण्याआधी एकच विचारायचं: यातलं मूळ लिहिणाऱ्याचं किती आणि मागाहून आलेल्यांचं किती? या प्रील्यूडपुरती परीक्षा सोपी आहे, बोटाने बार मोजा. ३६ भरले तर ते पान बाजूला ठेवा. गायिका गुनो म्हणणार असेल तर मात्र तेच पान लावा.

इतर पानांची परीक्षा नजरेने होते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज साधारण तेवढाच. तेव्हा पानावर हळूहळू उघडत जाणारं क्रेशेंडोचं, म्हणजे आवाज वाढवत न्या असं सांगणारं, चिन्ह दिसलं, तर ते पियानोच्या जमान्यातल्या कुणाचं तरी समजावं. स्वर सलग जोडायला सांगणाऱ्या पानभर लांब कमानी, प्रत्येक तुकड्यावर गतीचा शब्द, मेट्रोनोमचा (ठोके मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा हा सगळा बहुधा नंतरचा मुलामा. मेट्रोनोम तर बाख गेल्यावर साठ-पासष्ट वर्षांनी बाजारात आला. पण सरसकट सगळं पुसायलाही निघू नका. बाखच्या ‘इटालियन कन्सर्टो’त, १७३५ च्या छापील प्रतीत, ‘फोर्टे’ (मोठ्याने) आणि ‘पियानो’ (हळू) हे शब्द त्याचेच आहेत. तिथे त्यांचा अर्थ एवढाच की या ओळीला एका कीबोर्डवर हात ठेवा, पुढच्या ओळीला दुसऱ्यावर. वाद्याला दोन मजले होते.

पानं मिळवायची कुठून? इंटरनेटवर आय-एम-एस-एल-पी नावाचं फुकट ग्रंथालय २००६ पासून चालू आहे. तिथे एकाच रचनेच्या दहा-दहा प्रती असतात: हस्तलिखित, पहिली छापील आवृत्ती, मग एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांच्या. सगळ्यात जास्त वेळा उतरवलेली प्रत घ्यायची, ही सगळ्यांची खोड; माझीही होती. तसं न करता संपादकाचं नाव आणि साल वाचा. बाखसाठी बाख-गेझेलशाफ्ट या संस्थेची १८५१ ते १८९९ मध्ये निघालेली खंडमालिका जुनी आहे, पण तिची नियत साफ आहे. पैसे घालायची तयारी असेल तर हेन्ले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची ‘उरटेक्स्ट’, म्हणजे मूळ पाठाची, आवृत्ती घ्या. कोणतं चिन्ह कुठल्या प्रतीतून घेतलं ते तीत सांगितलेलं असतं. मी दोन विकत घेतल्यात. बाकी सगळं झेरॉक्सवर. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. बाख केव्हाच सुटला, पण त्याचा अलीकडचा संपादक सुटलेला नसतो, तेवढं पाहून मगच झेरॉक्सला द्या.

नावावरही जाऊ नका. बाखने १७२५ साली बायकोसाठी केलेल्या वहीतला जी मेजरचा मिन्युएट जगभरची मुलं बाखचा म्हणून शिकतात. तो क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. जुन्या पुस्तकांत अजून बाखच छापलेला दिसेल. वाजवा खुशाल, चीज गोड आहे.

आता जुनी प्रत उघडलीत की पहिला धक्का क्लेफचा, म्हणजे कुठली रेघ कुठला स्वर ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या चिन्हाचा, बसतो. उजव्या हाताला ओळखीचा ट्रेबल क्लेफ नसतो. सर्वांत खालच्या रेघेवर एक चौकोनी, कंसासारखं चिन्ह असतं. तो सोप्रानो क्लेफ, आणि ती रेघ म्हणजे मधला सी. महिनाभर मी एकेक स्वर मोजत बसलो होतो. मग एका रविवारी, प्रवचन चालू असताना (देवा, माफ कर), डोक्यात उजेड पडला. ट्रेबलमध्ये मधला सी पाच रेघांच्या खाली एका तुटक्या रेघेवर लटकलेला असतो ना? ती तुटकी रेघ पूर्ण लांब ओढा आणि सगळ्यात वरची एफची रेघ खोडा. झाला सोप्रानो क्लेफ. सी, ई, जी, बी, डी. रेघा त्याच, फक्त खिडकी एक पायरी खाली सरकली. मी एका झेरॉक्सवर लाल पेनाने सहावी रेघ वर काढून आठवडाभर वाजवलं, मग लाल रेघ लागेनाशी झाली.

शार्प-फ्लॅटची सवयही बदलावी लागते. आज एका बारमध्ये शार्प एकदा लिहिला की बार संपेपर्यंत तो लागू. सतराव्या शतकातल्या छपाईत तो बहुधा त्याच स्वरापुरता असतो. त्याच बारमध्ये तोच स्वर पुढे बिनचिन्हाचा आला तर थांबून कानाला विचारा. सुरुवातीच्या चिन्हांतही एखादा फ्लॅट कमी दिसेल. बाखच्या एका ऑर्गन टोकाटाला (मोकळ्या ढंगाच्या चिजेला) ‘डोरियन’ हे जुन्या थाटाचं नाव पडलं ते यामुळेच: तुकडा डी मायनरमध्ये, पण सुरुवातीला फ्लॅट लिहिलेला नाही.

अलंकारांत आपला कान उपयोगी पडतो आणि नडतोही. नागमोडी रेघ दिसली की हात आपोआप खटका घेतो. पण बाखच्या कोष्टकात ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होते, आणि नागमोडी रेघेतून उभी काडी गेली असेल तर मूळ स्वर, खालचा, परत मूळ. हे कोष्टक १७२० साली त्याने नऊ वर्षांच्या मुलाच्या, विल्हेल्म फ्रीडेमानच्या, वहीत लिहून दिलं. १३ अलंकार, वर चिन्ह, खाली फोड. त्याची प्रिंट काढून वाद्याच्या झाकणाला आतून चिकटवा. फ्रेंच पानांना मात्र हे पुरत नाही. फ्रांस्वा कूपरँने १७१३ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात स्वतःचं कोष्टक दिलंय. पुढे तिसऱ्या पुस्तकात तो वैतागून लिहितो की एवढं सगळं लिहून देऊनही लोक आपल्याच मनाचं वाजवतात. ज्याचं पान त्याचंच कोष्टक, हे बरं.

त्या मुलाच्या वहीत ‘आप्लिकाट्सिओ’ नावाचा छोटा तुकडा आहे, त्यावर बोटांचे आकडे बापाने घातलेत. उजवा हात वर चढतो तो ३-४, ३-४ असा, अंगठा खाली न घालता. पियानो शिकलेल्यांना हे विचित्र वाटतं. करून बघा. दोन-दोन स्वरांच्या जोड्या आपोआप सुट्या होतात, कमानी न काढताच.

आता वाद्य. आमची पायपेटी अमेरिकन बनावटीची, पाच सप्तकं, एफ ते एफ, ६१ पट्ट्या. अठराव्या शतकातल्या मोठ्या हार्प्सिकॉर्डचा पल्लाही एफ ते एफच, त्यामुळे पट्ट्या संपल्या म्हणून अडायचं काम नाही. अडतं ते पायाशी. खऱ्या ऑर्गनवाला पायाने खर्ज वाजवतो, माझे पाय भात्यात गुंतलेले. पान तीन ओळींचं असेल तर तिसरी ओळ पायाची. ते पान आपलं नाही. आणि दोनच ओळी दिसल्या म्हणून हुरळूनही जाऊ नका, बाख अनेकदा पायाचा भाग दोन ओळींतच बसवून शेजारी ‘पेड.’ लिहितो. शोधायचा शब्द ‘मान्युआलिटर’, म्हणजे फक्त हातांसाठी. बाखच्या १७३९ च्या ‘क्लाव्हिअरयूबुंग’च्या तिसऱ्या भागात बहुतेक भजनं दोनदा येतात, एकदा पायासकट थोरलं रूप, एकदा हातांचं धाकटं. धाकटं घ्या. पाखेलबेल या जर्मन ऑर्गनवादकाचे माग्निफिकाट फ्यूग (मारियेच्या स्तोत्रासाठीच्या चिजा) नव्वदच्या वर आहेत आणि बहुतेक हातांनीच वाजतात.

पण पायपेटीवाल्याचा खरा देव जॉन स्टॅन्ली. दोन वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेली, तरी लंडनच्या टेम्पल चर्चचा ऑर्गनिस्ट झाला. तेव्हाच्या इंग्लिश ऑर्गनना बहुधा पायाच्या पट्ट्या नसतच, म्हणून त्याच्या व्हॉलंटरी, म्हणजे उपासनेत ऑर्गनवर वाजवायच्या चिजा, दोन हातांत मावतात. १७४८, १७५२ आणि १७५४ साली दहा-दहा अशा तीस छापल्या. वर ‘डायपेसन्स’, ‘ट्रम्पेट’, ‘एको’ असं लिहिलेलं असतं, ती आवाजाची जात बदलणाऱ्या खुंट्यांची नावं. पायपेटीत डाव्या अर्ध्या पट्ट्यांच्या खुंट्या वेगळ्या आणि उजव्या अर्ध्याच्या वेगळ्या. ट्रम्पेटच्या ओळीला उजवीकडची सगळ्यात खणखणीत खुंटी ओढा, डावीकडे एकच मऊ ठेवा. ‘एको’ आलं की गुडघ्याची पट्टी सोडून द्या. आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. खर्जाच्या रीड उशिरा बोलतात, तेव्हा डाव्या हाताचे अलंकार निम्मे गाळा. मी तर सगळेच गाळतो.

इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्डीकडे मात्र लगेच जाऊ नका, आणि गेलात तर नवी आवृत्ती घेऊन जा. १६१५ च्या रोमच्या मूळ छपाईत उजव्या हाताला सहा रेघा आणि डाव्याला आठ. मी हौसेने तीच प्रत छापून आणली आणि दुकानदाराने विचारलं, ‘काका, ही वही कुठल्या यत्तेची?’ फ्रेस्कोबाल्डीची प्रस्तावना मात्र जरूर वाचा. तो सांगतो, टोकाटाची सुरुवात सावकाश, स्वर उलगडत करा, तालाच्या ठोक्याला बांधून घेऊ नका, आणि वाटेल त्या तुकड्यावर थांबा. आलाप ऐकलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही. डाव्या हातात कधी अशक्य लांबीची पकड दिसेल. त्या काळच्या अनेक वाद्यांत तळाची ई दिसणारी पट्टी प्रत्यक्षात सी वाजवायची, एफ शार्पची डी, जी शार्पची ई. म्हणून त्यांचा हात सहज पुरायचा. आपण खालचा स्वर आधी वाजवून सोडून द्यायचा.

तुमच्याकडे डिजिटल कीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये ‘मीनटोन’ ही स्वर लावायची जुनी पद्धत सापडते का बघा. आजच्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर (सप्तकाचे १२०० सेंट), शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, ते याच दुखण्यापायी. मीनटोनमध्ये आठ गंधार शुद्ध मिळतात आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: त्या एका काळ्या पट्टीवर जी शार्प असतो, ए फ्लॅट नसतो. फ्रेस्कोबाल्डी त्यात लावा, शेवटचा मेजर कॉर्ड तंबोऱ्यासारखा स्थिर उभा राहतो. सुरुवातीला सांगितलेला बाखचा प्रील्यूड लावलात तर तेविसाव्या बारला खर्जातल्या त्या ए फ्लॅटवर ‘लांडगा’ (बेसूर जोडीला पडलेलं नाव) ओरडेल. ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’मध्ये मेजर-मायनर मिळून चोवीसही सुरावटी लागतात, ते मीनटोनचं काम नाही.

राहिला कागद. ए-फोरवर एका बाजूने छापा, तीन पानं पाठीमागून चिकटपट्टीने जोडा, म्हणजे पान उलटावं लागत नाही. स्पायरल करू नका, पायपेटीच्या अरुंद पट्टीवरून घसरतं. आणि कपड्यांचे दोन चिमटे खिशात ठेवा, कारण उपासना सुरू झाली की कुणीतरी उठून पंखा पाचवर करतंच.