ओकॅमलमध्ये माहिती साठवताना या चुका टाळा

निपाणीजवळच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेत नोंदींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दुधाच्या प्रकारासाठी ‘म्हैस’ आणि ‘गाय’ असे दोन कन्स्ट्रक्टर, म्हणजे टाइपच्या व्याख्येतले नाव दिलेले पर्याय, होते आणि दिवसभराची यादी मार्शल या मूल्ये बाइटांत लिहिणाऱ्या मॉड्यूलने थेट फाइलमध्ये उतरत असे. पुढे पडद्यावरचा क्रम नीट दिसावा म्हणून मी टाइपच्या व्याख्येत ‘गाय’ आधी घेतले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या फाइलींतल्या साऱ्या म्हशींच्या गाई झाल्या. कुठलाही एरर आला नाही. दर बदललेला पाहून गवळ्यांनीच तक्रार केली.

कारण साधे आहे. मार्शल टाइपचे नाव लिहीत नाही, मूल्याची मेमरीतली मांडणी लिहितो. ज्या कन्स्ट्रक्टरांना सोबत मूल्य नसते त्यांना व्याख्येतील क्रमाने 0, 1, 2 असे आकडे मिळतात आणि फाइलमध्ये तेवढेच जातात. रेकॉर्डमधील, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदीतील, फील्डांचेही तसेच आहे, तीही नावाने नव्हे तर क्रमाने जातात. त्यामुळे क्रम बदलायचाच असेल, तर फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक साध्या बाइटमध्ये लिहावा, वाचताना आधी तो तपासावा आणि जुन्या आवृत्तीसाठी जुना टाइप जपून ठेवून त्याचे रूपांतर करणारे फंक्शन लिहावे. वर्षानुवर्षे टिकवायच्या हिशेबासाठी मात्र मी आता मार्शल वापरतच नाही. जेसनसारखे साध्या मजकुरातले, वाचता येणारे स्वरूप मला बरे वाटते.

फाइल वाचणारे फंक्शन कोणताही टाइप परत देऊ शकते, म्हणून कंपायलर तिथे अडवत नाही. वाचलेल्या मूल्यापुढे टाइप स्पष्ट लिहावाच. पण ती केवळ तुमची हमी असते, तपासणी नव्हे. टाइप चुकला तर प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याने, कोसळू शकतो, आणि तो ओकॅमलचा अपवाद (एक्सेप्शन) नसल्यामुळे अपवाद पकडणाऱ्या ट्राय-विथने पकडता येत नाही.

रेकॉर्डमध्ये फंक्शन असेल तर मार्शलने लिहितानाच ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ हा एरर येतो. अजून न मोजलेल्या लेझी मूल्यातही (जे गरज पडेल तेव्हाच मोजले जाते) फंक्शन दडलेले असते, हे पटकन ध्यानात येत नाही. ते आधी फोर्स करून, म्हणजे मोजायला लावून, घ्यावे. लिहिताना फंक्शनांना परवानगी देणारा क्लोजर्स हा फ्लॅग देऊन वाट काढता येते, पण मग फाइल फक्त त्याच बिल्डला वाचता येते. नव्याने कंपाइल केलेत की संपले.

स्वतःचे बायनरी स्वरूप बनवताना आपल्याकडे हमखास होणारी चूक नावांची आहे. ओकॅमलमध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ. ‘खानापूर’ या शब्दात काना-ऊकारासह 7 युनिकोड चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-8 या चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येकी 3 प्रमाणे ती 21 बाइट होतात. लांबी म्हणून 7 लिहिलेत, तर वाचताना ‘खा’ आणि ‘न’चा पहिला बाइट एवढेच हाती येते, आणि उरलेले 14 बाइट पुढच्या फील्डमध्ये घुसतात. कन्नड नावांचीही हीच गत होते, कारण त्या लिपीचीही चिन्हे 3 बाइटांचीच आहेत. इंग्रजी नावांवर चाचणी केलीत तर हे कधीच दिसणार नाही, म्हणून चाचणीच्या यादीत खानापूर आणि चिकोडी दोन्ही लिप्यांत घालून ठेवावीत.