अलीगढच्या मौलाना आझाद लायब्ररीत हस्तलिखित बघायचंय?
अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटीची ही लायब्ररी १८७७ची, तेव्हा नाव लिटन लायब्ररी, आत्ताच्या सात मजली बिल्डिंगचं उद्घाटन नेहरूंनी १९६०ला केलं. फारसी, अरबी, उर्दू हस्तलिखितं हजारोंनी आहेत, त्यामुळे "बघू तिथं गेल्यावर" असं करू नका, बाहेरचे असाल तर आधी ईमेल टाका, रिसर्च गाईडचं पत्र आणि आयडी सोबत ठेवा. आणि हो, नुसतं पोथीचं नाव सांगून भागत नाही! हबीबगंज, सुभानुल्लाह अशी वेगवेगळी कलेक्शन आहेत, तर कॅटलॉगमधून कलेक्शनचं नाव आणि नंबर दोन्ही लिहून न्या. फोटो, स्कॅनचं काय ते आधीच विचारा, पेन बॅगेतच, पेन्सिल वापरा.