बेल तर झाली, पण माणूस सुटणार कधी? जामीनदार, बाँड आणि कागदांचं सगळं गणित

"बेल झाली" असा वकिलाचा फोन आला की घरातले सगळे हुश्श करतात. आमच्याकडे पण तेच झालेलं. मावसभावाला पार्किंगच्या भांडणात अटक झाली होती, शुक्रवारी दुपारी जामीन मंजूर झाला आणि साहेब घरी आले मंगळवारी रात्री, कारण जे काका जामीनदार राहणार होते त्यांचं ओरिजिनल रेशनकार्ड गावाला, सातबारा जुना, मधे सुट्टी, आणि हे सगळं लागतं हे आम्हाला कोणी आधी बोललंच नव्हतं. म्हणजे ऑर्डर मिळणं वेगळं आणि माणूस बाहेर येणं वेगळं.

आधी एक गैरसमज काढून टाका. "२५ हजारांचा जामीन" म्हणजे २५ हजार भरायचे असं नसतं. जामीनदार कोर्टाला लिहून देतो की हा माणूस तारखेला येईल, नाही आला तर तेवढी रक्कम मी भरीन, बस. त्या लिहून दिलेल्या कागदालाच बाँड म्हणतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत यासाठी एजंट असतात, रकमेच्या साधारण १० टक्के फी घेतात आणि ती परत देत नाहीत. आपल्याकडे असला कायदेशीर धंदा नाही, जामीनदार आपल्याच ओळखीतला शोधायचा. कोर्टाच्या गेटवर "जामीनदार पाहिजे का" विचारणारे भेटतील, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. त्यांचे कागद बोगस निघाले तर बेल जाईलच आणि वर फसवणुकीचा नवीन गुन्हा.

आता सुरुवातीपासून. अटक झाली की पोलीस ठाण्यात चार गोष्टी विचारून लिहून घ्या: सीआर नंबर म्हणजे गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, कलमं कुठली, आयओ म्हणजे तपास अधिकारी कोण, आणि कुठल्या कोर्टात हजर करणार. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, सुट्टी असली तरी.

कलमं कळली की वकिलाला एकच प्रश्न, जामीनपात्र की अजामीनपात्र? जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे (१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी या जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या जागी बीएनएसएस हा नवा कायदा आलाय, त्यातलं कलम ४७८), पोलीस ठाण्यातच टेबल जामीन होतो. अगदीच गरीब माणूस असेल, आठवड्याभरात जामीनदार मिळत नसेल, तर जातमुचलक्यावर म्हणजे पीआर बाँडवर सोडायचं असं कायद्यातच लिहिलंय.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही हं, तो कोर्टाने द्यायचा असतो एवढंच. आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. बहुतेक वेळा एमसीआर झाली की वकील अर्ज टाकतात, कोर्ट सरकारी पक्षाचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं मागवतं, मग युक्तिवाद. मॅजिस्ट्रेटने नाकारला तर सेशन्स, तिथे नाही झालं तर हायकोर्ट. आणखी एक, ६० दिवसांत (जन्मठेप किंवा १० वर्षं नि वरच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत) चार्जशीट आलं नाही तर जामीन मागायचा हक्क तयार होतो, पण चार्जशीट येण्याच्या आत अर्ज पडला पाहिजे, म्हणून दिवस पहिल्या रिमांडपासून घरच्यांनी पण मोजत राहा. यूएपीए (दहशतवादविरोधी), मकोका (संघटित गुन्हेगारी), एनडीपीएस (अमली पदार्थ) या कायद्यांचं गणित फार वेगळं, ते इथे घेत नाही.

आता मुख्य भानगड, कागद. अर्ज टाकला त्याच दिवशी जामीनदाराची फाईल तयार करा, ऑर्डरची वाट बघत बसू नका. आधार, पॅन, ओरिजिनल रेशनकार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा. ऐपत म्हणजे शेती असेल तर ताजा सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगाराची स्लिप नि ऑफिसचं पत्र. काही कोर्टं तहसीलदाराची सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला मागतात आणि तिला वेळ लागतो म्हणजे लागतोच, म्हणून वकिलाला आधीच विचारा की या कोर्टात काय चालतं, कारण प्रत्येक ठिकाणी शिरस्ता वेगळा. जामीनदार स्वतः हजर हवा, आणि आधी आणखी किती जणांना जामीन राहिलाय ते त्याला लिहून द्यावं लागतं, तिथे खोटं बोलू नका.

हे सगळं लगेच जमणार नसेल तर वकिलाला ऑर्डरच्या वेळीच कॅश बेल, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून जामीन, मागायला सांगा. मुंबईत तर काही आठवड्यांपुरती कॅश बेल सर्रास देतात, माणूस आधी बाहेर येतो आणि जामीनदार मागून दिला जातो. आमच्या वेळी हे माहीत असतं तर चार दिवस वाचले असते.

बाँड मंजूर झाला की कोर्टातून जेलला सुटकेचा कागद जातो आणि तिथे वेळ चुकली की आणखी एक रात्र. शाहरुखचा मुलगा आर्यन खानचं ड्रग्ज प्रकरण आठवा, २८ ऑक्टोबर २०२१ ला हायकोर्टाने जामीन दिला, दुसऱ्या दिवशी जुही चावला एक लाखाच्या जामीनदार राहिल्या, पण आर्थर रोड जेलच्या बेल पेटीत कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचले नाहीत आणि सुटका झाली ३० तारखेला. (पुढे मे २०२२ मध्ये तपास करणाऱ्या एनसीबीने त्याच्यावर आरोपपत्र ठेवलंच नाही.) तिथे हे, तर आपलं काय!

जामीनदारच मिळत नसेल तर? रक्कम कमी करा किंवा पीआर बाँडवर सोडा असा अर्ज करता येतो. १९७८ च्या मोती राम खटल्यात एका गवंड्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावालाही नाकारलं होतं. सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर यांनी हे चूक ठरवून त्याला हजार रुपयांच्या बाँडवर सोडायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी सांगितलं की बेल होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बाँड दिला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, मोफत वकील मिळतो.

बाहेर आल्यावर ऑर्डरमधल्या अटी नीट वाचा, हजेरी कुठल्या वारी, पासपोर्ट जमा करायचाय का, कोणाला भेटायचं नाही. तारीख चुकवली तर वॉरंट निघतं आणि नोटीस जामीनदाराच्या दारात जाते, बिचारा उगाच कोर्टात खेटे घालत बसतो. त्याला नको झालं तर तो अर्ज करून मोकळा होऊ शकतो, मग तुम्हाला नवा जामीनदार द्यावा लागतो. आणि कॅश भरली असेल तर पावती लॅमिनेट करून ठेवा, खटला संपल्यावर पैसे परत मिळतात पण कधीकधी त्याला पाच-सात वर्षं लागतात आणि तोवर पावतीवरची शाई उडून गेलेली असते.