औषधाच्या मात्रेचा हिशेब परिचारिका सुरक्षितपणे कसा करतात

औषधाची मात्रा काढण्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे नसते. घात होतो तो बऱ्याचदा एकक नीट न वाचल्याने किंवा दशांशचिन्ह निसटल्याने, म्हणून परिचारिका आकडेमोडीपूर्वीच्या कामाला जास्त वेळ देते.

सर्वप्रथम डॉक्टरांची लेखी ऑर्डर पूर्ण वाचावी. रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ यांपैकी काहीही अस्पष्ट असेल, तर अंदाज न बांधता डॉक्टरांनाच विचारावे.

त्यानंतर ऑर्डर आणि लेबल एकाच एककात आणावे. 1 ग्रॅम म्हणजे 1000 मिलिग्रॅम आणि 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. डिगॉक्सिनची ऑर्डर 125 मायक्रोग्रॅमची आणि गोळी 0.25 मिलिग्रॅमची असेल, तर गोळीत 250 मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणून अर्धी गोळी द्यावी लागते. आकडा लिहिताना अर्ध्यासाठी 0.5 लिहावे, कारण शून्याविना तो 5 वाचला जाण्याची भीती असते. तसेच 5.0 हे 50 वाचले जाऊ नये, म्हणून नुसते 5 लिहावे.

आता उत्तराचा अंदाज. समजा, जेंटामायसिन 60 मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या कुपीत, 2 मिलिलिटरमध्ये 80 मिलिग्रॅम आहे. 60 हे 80 पेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे उत्तर 1 ते 2 मिलिलिटरच्या दरम्यान यायला हवे. मग हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले द्रवाचे प्रमाण, असे मांडल्यास 60 ÷ 80 × 2 = 1.5 मिलिलिटर मिळते. भागाकार उलटा झाला असता, तर 2.67 आले असते आणि आधीच्या अंदाजामुळे ती चूक तिथेच लक्षात आली असती. माझ्या मते संपूर्ण पद्धतीत सर्वांत मोलाची सवय हीच आहे.

लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि ते वजन किलोग्रॅममध्येच हवे. 12 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल प्रति किलो 15 मिलिग्रॅम सांगितले असेल, तर 180 मिलिग्रॅम लागतात. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 7.5 मिलिलिटर होतात. सांगितलेला आकडा एका वेळेचा आहे की पूर्ण दिवसाचा, हे मात्र आवर्जून पाहावे; दिवसाची मात्रा एकाच वेळी दिल्यास लहान मुलाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

सलाईनसाठी एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) प्रति मिलिलिटर थेंब, भागिले मिनिटे, हे सूत्र वापरतात. 500 मिलिलिटर 4 तासांत द्यायचे असल्यास 20 थेंबांच्या सेटने मिनिटाला सुमारे 42 थेंब पडायला हवेत, तर 60 थेंबांच्या मायक्रो सेटने 125. त्यामुळे सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय वेग ठरवू नये.

इन्शुलिनच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असलेले इन्शुलिन, मिलिलिटरला 40 युनिट अशा खुणा असलेल्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात 25 युनिट भरले जातात. कुपी आणि सिरिंज यांवरचे आकडे जुळलेच पाहिजेत.

इन्शुलिन, हेपारिन यांसारख्या जोखमीच्या औषधांचा हिशेब दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर न पाहता, मूळ ऑर्डरवरून नव्याने करावा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर औषध न देता दोघींनी पुन्हा ऑर्डरपासून सुरुवात करावी आणि तरीही मेळ बसला नाही, तर डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला (फार्मासिस्टला) बोलवावे.