पान पिवळे दिसताच खत ओतू नका: मातीविना शेतीतल्या या चुका टाळा

मातीविना, म्हणजे टाकीतल्या खत विरघळवलेल्या पाण्यावर, भाजी घेणाऱ्या नवख्या मंडळींच्या बहुतेक तक्रारी "पाने पिवळी पडली, म्हणून खत वाढवले" या वाक्याने सुरू होतात आणि चूकही त्याच वाक्यात असते. टाकीत अन्नद्रव्ये भरपूर असूनही मुळांना ती घेता येत नसतील, तरी पान पिवळेच पडते.

ही चूक मी स्वतः केली आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर असताना नागपुरातल्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, बोअरवेलच्या पाण्यावर मी पालक लावला होता. मधली कोवळी पाने पिवळी झाली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. भुईमुगावर असे दिसले तर शेतकरी त्याला केवडा म्हणतो आणि लोहाचा विचार करतो. मी मात्र झाडे उपाशी आहेत असे ठरवून चार दिवसांत ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात खत किती विरघळले आहे याचा अंदाज देणारा आकडा) 1.6 वरून 2.8 वर नेली. कोवळी पाने पिवळी ती पिवळीच राहिली आणि जुन्या पानांच्या कडा करपल्या. त्यानंतर सामू (पीएच, पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) मोजला, तो 7.9 निघाला. माझ्या खतातले लोह ईडीटीए रूपातले होते, म्हणजे ते पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ईडीटीए या रसायनाने धरून ठेवलेले, आणि सामू साधारण 6.5 च्या वर गेला की या रूपातले लोह निसटून साक्यात जाते. म्हणजे मी ओतलेले बरेचसे लोह टाकीच्या तळाशी बसत होते.

आम्ल घालून सामू 5.8 वर आणला, तर दुसऱ्या सकाळी तो पुन्हा 7 च्या पुढे. याचे कारण पाण्यातले बायकार्बोनेट, जे आम्ल पिऊन टाकते. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की बोअरवेलचे पाणी आधी वेगळ्या ड्रममध्ये घ्यायचे, त्यात फॉस्फोरिक आम्ल थोडे थोडे सोडायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी पुन्हा मोजायचे आणि मगच खत घालायचे. इतका धीर ज्यांना नाही त्यांनी कुंडीत तुळस लावावी. सुधारणा पाहायची ती नव्या पानावर. पिवळे झालेले पान पूर्ववत होईल या आशेने रोज काहीतरी ओतणे हा निव्वळ उतावीळपणा आहे.

निदानाआधी एवढेच विचारावे की पान जुने की नवे. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून त्यांची कमतरता आधी खाली दिसते. लोह आणि कॅल्शियम तसे हलत नाहीत, म्हणून त्यांची खूण कोवळ्या पानावर उमटते. लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोके जळतात तेव्हा बहुधा टाकीत कॅल्शियम असतेच. हवा खेळती नसल्याने ते आतल्या पानांपर्यंत पोचत नाही, आणि तिथे खतापेक्षा पंखा उपयोगी पडतो.

माझा दुसरा राग एकाच कॅनमध्ये सगळी खते घट्ट कालवणाऱ्यांवर आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की जिप्सम तयार होऊन खाली बसते, फॉस्फेट असेल तर कॅल्शियम फॉस्फेट. मग तोच पांढरा गाळ दाखवून "खत भेसळीचे निघाले" अशी तक्रार होते. दोन कॅन ठेवा, आणि टाकीतल्या भरपूर पाण्यात एक नीट मिसळल्यावरच दुसरे सोडा. एका कॅनचे पैसे वाचवण्याची ही युक्ती मला अजून कळलेली नाही.

टीडीएस मीटरचा (ईसी मोजून त्यावरून पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या मीटरचा) आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळवू नका, कारण ईसी 1.0 ला एक मीटर 500 दाखवतो आणि दुसरा 700. सामूचा मीटर सामू 4 आणि 7 असलेल्या प्रमाणित द्रावणांत तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. मे महिन्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त ओढते, म्हणून घटलेली टाकी खताच्या द्रावणाने न भरता नुसत्या, सामू उतरवलेल्या पाण्याने भरा. टाकी सावलीत ठेवा. 30 अंशांच्या पाण्यात 20 अंशांपेक्षा प्राणवायू कमी मावतो, आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली असतील तर पानांवरची कोणतीही खूण वाचण्यात अर्थ नाही, आधी मुळे पाहा.