गेलेल्या आईचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

आईच्या वर्षश्राद्धाला एक छोटं पुस्तक काढायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. पहिल्या रात्री मी वही उघडली आणि लिहिलं, ‘प्रेमळ, कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावून जाणारी.’ पुढे पेन हलेना. हे वाक्य कुणाच्याही आईला लागू पडलं असतं. माझी आई बेळगावातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. दिवसा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि संध्याकाळी दारात बसून गल्लीतल्या बायकांचे सरकारी कागद भरून द्यायची. तिला सगळे आक्का म्हणायचे. ते सगळं त्या तीन शब्दांत कुठेच नव्हतं. त्यानंतरच्या आठ महिन्यांत जे शिकले ते इथे लिहितेय. तुमची आई, आजी किंवा गल्लीतली अशीच कुणी गेली असेल तर उपयोगी पडेल.

आधी घर आवरणं थांबवा. तेराव्यानंतर साड्या वाटल्या जातात, गाठोडी बांधली जातात, आणि त्यातच कागद रद्दीत जातात. साड्या द्या, पण कागदाचा कपटासुद्धा टाकू नका. आईची काळी रेक्झिनची पिशवी माझी वहिनी फेकायला निघाली होती, कारण तिची चेन तुटली होती. त्यात निघालं ते असं: अंगठ्याचा शाईपॅड, डिंकाची वाळलेली बाटली, दोन पेनं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दुसऱ्याच बायकांचे पासपोर्ट फोटो आणि एक दोनशेपानी वही. माळ्यावर तशाच आणखी चार वह्या सापडल्या. प्रत्येक पानावर तिने पट्टीने रेघा मारल्या होत्या. नाव, कसला कागद, कुठे दिला, आणि शेवटच्या रकान्यात ‘आलं’ किंवा ‘यायचं’. काही ‘यायचं’ सहा-सहा वर्षं तसेच होते आणि त्यांच्यापुढे दर काही महिन्यांनी एक टिंब. फेरी मारली की टिंब द्यायची. एका विधवा पेन्शनपुढे मी तेवीस टिंबं मोजली. ‘मदतीला धावून जाणारी’ हे मी तिथेच खोडलं आणि तेवीस टिंबं लिहिली.

अशा वस्तू मिळतील तशा, आहेत त्या जागीच फोटो काढून ठेवा, मग हलवा. जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, रंग काचेवरच राहतो. दारात, उन्हात नाही, सावलीच्या उजेडात धरा आणि फ्लॅश न लावता मोबाईलने टिपा. फोटोच्या पाठीमागे नाव लिहायचं तर पेन्सिलीने.

आता तारखा. आपल्या आयांच्या पिढीच्या तारखांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५७ आहे, खाली म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, शिक्का. त्या काळी तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याचा महिना बघून १ जून घालायचे. तुमच्याही घरात दोघा-तिघांचे वाढदिवस त्याच दिवशी निघतील. आजी मात्र म्हणायची, “बेळगाव म्हैसूरला गेलं, त्याच्या दुसऱ्या भाताला तुझी आई झाली.” बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेलं. भाताची कापणी आमच्याकडे दिवाळीच्या आसपास, म्हणजे दुसरी कापणी ५७च्या नोव्हेंबरातली. मी पुस्तकात दोन्ही लिहिलं: दाखल्यावर जून, घरच्या आठवणीत कापणी.

म्हणून म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, ओळखीची खूण द्या. वडगावच्या मंगाईदेवीच्या जत्रेआधी की नंतर? शिवजयंतीचे चित्ररथ निघाले त्या आठवड्यात? १९८६च्या कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी तू कुठल्या घरात होतीस? २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी आलं तेव्हा आक्का तुमच्याकडे आली होती का? माणसं लगेच बोलू लागतात. कर्नाटक सरकारच्या योजनासुद्धा कॅलेंडरसारख्या वापरता येतात. वहीत ‘भाग्यलक्ष्मी’ दिसलं की ते २००६च्या नंतरचं, ‘संध्या सुरक्षा’ २००७च्या नंतरचं, ‘गृहलक्ष्मी’ थेट २०२३चं. कागदावर तारीख पुसट असेल तर इंग्रजी शिक्का बघा. त्यात ‘बेलगाम’ असेल तर बहुतेक कागद १ नोव्हेंबर २०१४च्या आधीचा, कारण शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं ते त्या दिवशी.

माणसांना भेटायला जाल तेव्हा नातेवाईक शेवटी ठेवा. नातेवाईक कौतुक करतात आणि रडतात, ते त्यांना करू द्यावं, पण पुस्तक भरतं ते ज्यांच्यासाठी तिने काही केलं त्यांच्या बोलण्यातून. ‘आई कशी होती?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ हे उत्तर ठरलेलं. मी विचारायचे, ती तुमच्या घरी आली की कुठे बसायची? काय प्यायची? शेवटचं काय बोलली? एका मावशींनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. “इथंच. आत ये म्हटलं तर म्हणायची, चूल पेटलीय तुझी, मी बसले तर तू चहा करत बसशील.” हे मला घरात कधीच कळलं नसतं.

आमच्या भागात आणखी एक अडचण, पॉवरलूमची. घराघरात माग, रेकॉर्डिंगमध्ये नुसती खटखट येते. करंट गेला की माग थांबतात, तेव्हा जा. मी करंट जायची वाट बघत वहाणा घालून बसायचे. मोबाईल समोर ठेवण्याआधी विचारा, आणि नको म्हटलं तर वहीत लिहून घ्या. “काय लिवूलालीस गे एवढं?” असं एका आजीने विचारलं तेव्हा मी वाचून दाखवलं. तिने दोन चुका सुधारल्या. वाचून दाखवणं कधीच टाळू नका.

कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे गेल्याशिवाय आमच्यासारख्यांच्या आईची गोष्ट पुरी होत नाही. १९८६ला मी सहा वर्षांची होते, आई सीमाप्रश्नाच्या, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं या मागणीच्या, मोर्चाला जायची, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत असायची. आणि मी तिसरीला असताना माझंच कन्नडचं पुस्तक घेऊन ती रात्री अक्षरं गिरवत बसायची. रेशनचा एक कागद कन्नडमध्ये आला होता. कुणालाच वाचता आला नाही आणि मुदत टळली, म्हणून. पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर तिची बाराखडी आहे, वर कन्नड अक्षर, खाली मराठी. ‘ळ’ तिने अकरा वेळा काढलाय. आमच्यापैकी एकजण म्हणाला, मोर्चाचं काढून टाक. दुसरा म्हणाला, कन्नडचं कशाला? मी दोन्ही ठेवलं. तिला आपल्या भाषेचा हक्क हवा होता आणि शेजारणीचं रेशनही हवं होतं, तिच्या मनात त्यात भांडण नव्हतं. मागच्या गल्लीतल्या कन्नड आजींनी सांगितलं, ती मराठीत बोलायची, मी कन्नडात, आमचं कधी काही अडलं नाही. म्हणून मजकुराची शेवटची दोन पानं आम्ही कन्नडमध्ये घेतली.

तुमची तक्रारही लिहा. हे मला सगळ्यात जड गेलं. १९९६ला माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला आई घरी नव्हती. गल्लीतल्या एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या, आई तिच्यासोबत दवाखान्यात गेली. मी दहीसाखर स्वतःच्या हाताने घेतली आणि पुढची कित्येक वर्षं हे तिला सुनावलं. तिने कधी उत्तर दिलं नाही. पुस्तकासाठी मी त्या बाईंकडे गेले. त्यांना ती सकाळ आठवत होती. म्हणाल्या, “मला कळा येत होत्या आणि आक्का सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला राग आला. मग साडेदहा वाजले तशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आता पोरीच्या हातात पेपर पडला असेल.” मी तक्रार काढली नाही. ती जशी होती तशी ठेवली आणि त्याखाली हे लिहिलं.

काय छापू नये, तेही ठरवावं लागतं. त्या वह्यांत इतरांची दुःखं आहेत, कुणाचा नवरा सोडून गेलेला, कुणाचा आजार. आईने ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आपणही सांगू नये. मी एकाही बाईचं नाव तिला विचारल्याशिवाय घातलं नाही. वह्यांची पानं छापताना नावांचा रकाना झाकून फोटो घेतला. पासपोर्ट फोटो ज्याचे त्याला परत दिले. त्यातले तीन फोटो त्या माणसांचे घरात असलेले एकमेव फोटो होते.

छपाईचं फार अवघड नाही. पानं चारच्या पटीत ठेवा, अक्षर मोठं ठेवा, कारण वाचणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या. प्रूफ दोघांनी वाचावं, त्यातला एक घराबाहेरचा असावा. आम्ही बत्तीस पानं केली.

त्यातली शेवटची चार कोरी सोडा. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर एक प्रत ओसरीवर ठेवली आणि सांगितलं, आक्काबद्दल काही लिहायचं असेल तर लिहा. पुरुषांनी लिहिलं, कॉलेजच्या पोरींनी लिहिलं. मग उंबऱ्यावरच्या त्या मावशी आल्या, पान बघत उभ्या राहिल्या. लिहिता येत नव्हतं. मी आत जाऊन काळी पिशवी आणली. शाईपॅड वाळला होता, दोन थेंब पाणी घातलं. त्यांनी डावा अंगठा नीट दाबला, आणि आई लिहायची तसं मी खाली त्यांचं नाव लिहिलं.