गोल्फ खेळून खेळून वीट आलाय? स्विंगला दोष देण्याआधी हे वाचा

सकाळी सहाचा टी-ऑफ (पहिला फटका) आहे, फोरबॉल (चौघांचा ग्रुप) ठरलाय, आणि रात्री झोपताना तुम्ही फोनवर हवामान बघताय, पण खेळता येईल का म्हणून नाही, पाऊस येऊन एकदाचं कॅन्सल होतंय का म्हणून. असं होत असेल तर बाकी कुठली टेस्ट करायची गरजच नाही, तुम्ही जास्त खेळताय.

आपल्याकडे प्रॉब्लेम असा की गोल्फचा थकवा कोणी मान्यच करत नाही. घरचे म्हणतात, हिरवळीवर फिरून येता, त्यात दमायचं काय, आणि खरं सांगायचं तर आपल्याला पण तसंच वाटतं. मग स्कोअर बिघडला की खापर स्विंगवर. नवीन ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) घ्या, कोच बदला, रात्री बारापर्यंत स्लो मोशन व्हिडिओ बघा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसनंतर रेंजवर (सरावाच्या मैदानावर) अजून एक बकेट बॉल मारा. म्हणजे माणूस आधीच दमलाय आणि त्यावर इलाज काय, तर अजून दमवा! माझं स्पष्ट मत आहे की आठवड्यातून चार-पाच वेळा कोर्सवर असणाऱ्या हौशी लोकांचा निम्मा 'स्विंगचा प्रॉब्लेम' हा स्विंगचा नसतोच.

आधी हिशोब बघा. चेंबूरचा कोर्स असो नाहीतर येरवड्याचा, १८ होल चालून खेळलात की साधारण ८ ते १० किलोमीटर चाल होते आणि चार-साडेचार तास जातात. १८ होलला नव्वदेक फटके लागणाऱ्याचे त्यात पस्तीसेक पट (होलजवळच्या हिरवळीवरचे, म्हणजे ग्रीनवरचे, हलके फटके) असतात, थोडे चिप (ग्रीनच्या बाहेरून मारलेले छोटे फटके), म्हणजे पूर्ण ताकदीचे स्विंग चाळीस-पंचेचाळीस धरा (प्रॅक्टिस स्विंग वेगळे, ते काही लोक दर शॉटला तीन-तीन करतात आणि मागच्या फोरबॉलच्या शिव्या खातात). आता रेंजवर शंभर बॉल मारले तर काय झालं? दोन राऊंडपेक्षा जास्त फुल स्विंग तासाभरात झाले, मध्ये चालणं नाही, थांबणं नाही, आणि तेही मॅटवर. मॅटखाली बऱ्याचदा काँक्रीट असतं. गवतावर क्लब जमिनीत थोडा शिरतो, मॅटवर आपटून उसळतो, तो झटका सरळ मनगटात आणि कोपरात जातो. म्हणजे 'मी तर आठवड्यात तीनच राऊंड खेळतो' म्हणणाऱ्या आणि मध्ये दोनदा रेंजवर जाणाऱ्या माणसाच्या पाठीने आणि कोपराने सात-आठ राऊंडचं काम केलेलं असतं, आणि ते कुठल्याच स्कोअरकार्डावर दिसत नाही.

थकवा आहे की खरंच टेक्निक बिघडलंय, हे कसं ओळखायचं

मागची आठ-दहा कार्डं काढा आणि एकूण स्कोअर बघू नका, शेवटचे पाच होल बघा. पहिल्या टीपासूनच बॉल उजवीकडे जातोय आणि अठराव्यापर्यंत तसाच जातोय तर कोचकडे जा, तो त्याचा विषय. पण बारा-तेरा होलपर्यंत ठीक आणि मग अचानक डबल, ट्रिपल (एका होलला ठरलेल्यापेक्षा दोन-तीन फटके जास्त), छोटे पट हुकणं, असं दर वेळी होत असेल तर ते पाय आणि डोकं दमल्याचं लक्षण. रेंजवर पण हेच, पहिले पंधरा-वीस बॉल सुंदर आणि मग वाट लागते का ते बघा.

दुसरं म्हणजे तुमच्या नेहमीच्या कॅडीला (बॅग उचलणाऱ्याला) विचारा. त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. ज्या जागेवरून तुम्ही सेव्हन आयर्न मारायचात तिथे तो हल्ली न बोलता सिक्स (एक नंबर जास्त लांब जाणारा क्लब) काढून हातात देतो, आणि विचारलं तर 'साहेब, आज हवा आहे जरा' म्हणतो. झाडाचं पान हलत नसतं! सगळ्याच क्लबचं अंतर एकदम दहा-दहा यार्ड कमी झालं असेल तर टेक्निकच्या आधी थकव्याचा विचार करा, कारण दमलेलं शरीर आधी कमरेचं वळणं कमी करतं आणि मग आपण ते हाताने भरून काढायला जातो, त्यातून ग्रिप आवळली जाते, आणि मग फॅट शॉट (बॉलच्या आधी जमिनीवर), टॉप (बॉलच्या डोक्यावर), सगळं सुरू.

बाकी लक्षणं तुम्हाला माहितीच असतील, झोप नीट न लागणं, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जास्त चालणं, पार्टनरच्या चांगल्या शॉटवर मनातून चिडचिड होणं. हे शेवटचं कोणी कबूल करत नाही.

दुखणं कुठे आहे ते मात्र नीट बघा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय तर गोल्फर्स एल्बो, बाहेरच्या बाजूला तर टेनिस एल्बो, आणि गंमत म्हणजे टेनिस कधी न खेळलेल्या गोल्फरला दुसरा पण होतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याला बहुतेक डाव्या कोपरात. कंबर तर हौशी गोल्फरची हमखास धरतेच. दुखणं दोन-तीन दिवसांत जात नसेल तर पेनकिलर खाऊन टी-ऑफला जाणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, फिजिओकडे जा. पाय बधिर होणं, मुंग्या येणं असेल तर सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे. आणि चढावर धाप लागणं, छातीत जड वाटणं, डावा हात दुखणं याला 'काल जास्त बॉल मारले' असं समजू नका, खेळ तिथेच सोडा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

थांबायचं किती?

नुसता कंटाळा असेल तर दहा दिवस ते दोन आठवडे बास होतात. दुखणं पण असेल तर तीन-चार आठवडे धरा आणि फिजिओ सांगेल ते ऐका. थांबायचं म्हणजे पूर्ण थांबायचं, रेंज नाही, बाल्कनीत चटईवर चिपिंग नाही, आणि व्हिडिओ बघणं तर अजिबात नाही, कारण डोकं दमलंय आणि तुम्ही त्याला रात्रभर बॅकस्विंग दाखवताय. चाला, पोहायला जा, घरच्यांबरोबर रविवारी सकाळी नाश्ता करा, त्यांना पण कळू दे की तुम्ही रविवारी घरी असू शकता. दोन आठवडे पूर्ण आराम करूनही थकवा तसाच असेल तर मग तो गोल्फचा नाही, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, शुगर तपासून घ्या.

लोकांना वाटतं आपण चांगलं खेळत असताना कशाला थांबायचं. अमेरिकन प्रो बायरन नेल्सनने १९४५ मध्ये एका वर्षात १८ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या ११ सलग, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या चौतिसाव्या वर्षी नियमित खेळणं सोडून टेक्ससमध्ये आपल्या रँचवर राहायला गेला. जिंकता जिंकता पण माणूस पकतो. अलीकडचं बघायचं तर मॅथ्यू वुल्फ, २०२० च्या यूएस ओपनमध्ये दुसरा आलेला पोरगा, २०२१ च्या एप्रिलमध्ये मास्टर्समध्ये चुकीच्या कार्डावर सही करून बाद झाला, त्यानंतर लवकरच दोनेक महिने स्पर्धांपासून लांब राहिला, आणि जूनमध्ये थेट यूएस ओपनला येऊन संयुक्त पंधरावा आला. ज्यांचं पोट यावर चालतं ते सुट्टी घेतात, आणि आपण शनिवारच्या स्टेबलफोर्डसाठी (पॉइंटांवरच्या स्पर्धेसाठी) कंबरपट्टा लावून जातो.

थांबताना तीन गोष्टी आडव्या येतात, पैसे, ग्रुप आणि हँडिकॅप (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला).

पैशाचं असं की वर्षाची फी भरलीय, मग वसूल करायची म्हणून माणूस खेळत राहतो. भरलेले पैसे गेलेत, तुम्ही खेळा नाहीतर झोपा, ते परत येणार नाहीत. उलट फिजिओची दहा सेशन घ्यावी लागली की वसुली कुठल्या कुठे जाते.

ग्रुपचं जास्त अवघड आहे. रोज रात्री नऊला मेसेज येतो, 'उद्या ६:१० कोण कोण?', आणि नाही म्हटलं की चौथा भिडू मिळत नाही म्हणून फोन चालू होतात. रोज नवीन कारण देण्यापेक्षा एकदाच काय ते टाका: 'मंडळी, पुढचे तीन आठवडे मला धरू नका, पाठ आणि डोकं दोन्ही सर्व्हिसिंगला टाकलंय. शनिवारी खेळ झाल्यावर नाश्त्याला येतोच.' आणि जमलं तर बदली माणूस तुम्हीच सुचवा, मग कोणी काही बोलत नाही. ग्रुपमध्ये कोणी वयाने मोठे असतील तर त्यांना मात्र वेगळा फोन करा, 'काका, जरा ब्रेक घेतोय' एवढं पुरतं, नाहीतर त्यांना ते ग्रुपवरून कळतं आणि उगाच रुसवा.

आणि कॅडीला विसरू नका. तो बऱ्याचदा तुमच्यासाठी थांबतो, दुसरी बॅग घेत नाही, तुम्ही न सांगता गायब झालात की त्याचे दिवसाचे पैसे बुडतात. आधी सांगा म्हणजे तो दुसरी बॅग बघेल, आणि वर्षानुवर्षं तोच असेल तर त्या आठवड्यांचं काहीतरी हातावर ठेवा. आपल्या थकव्याचा भुर्दंड त्याला कशाला.

हँडिकॅपची भीती तर निव्वळ गैरसमज. २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आलीय त्यात तुमच्या शेवटच्या २० कार्डांमधली सर्वात चांगली ८ धरतात. तुम्ही महिनाभर खेळलाच नाहीत तर ती वीस कार्डं जशीच्या तशी राहतात, हँडिकॅप जागचा हलत नाही. उलट दमून आठवड्याला चार-चार वाईट कार्डं टाकलीत तर जुनी चांगली कार्डं विसातून बाहेर ढकलली जातात आणि हँडिकॅप वर जातो. म्हणजे हँडिकॅप सांभाळायचा असेल तर अशा वेळी घरी बसणंच फायद्याचं.

परत सुरू करताना

पहिल्याच दिवशी १८ होल आणि वर रेंज, असं करू नका. पहिले आठ-दहा दिवस फक्त पटिंग ग्रीन आणि छोटे चिप. मग एक दिवस नऊ होल, संध्याकाळी, कार्ड न ठेवता, आणि बॅगेत सहा-सातच क्लब. नियमाने १४ पर्यंत चालतात पण ते नेलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? फाइव्ह वुड, सेव्हन आयर्न, नाइन आयर्न, वेज, पटर, अजून एखादा आवडता. पूर्ण बॅग असली की आपण यार्डचा हिशोब करत बसतो, अर्ध्या बॅगेत सेव्हन आयर्न अर्धा मारून बघावा लागतो, बॉल मुद्दाम कमी उंचीने मारावा लागतो, आणि बऱ्याच लोकांना इथेच परत मजा यायला लागते.

नऊ होलनंतर दुसऱ्या दिवशी अंग जड नसेल आणि परत जावंसं वाटत असेल तर पुढच्या आठवड्यात अठरा. त्यापुढे आठवड्याला दोन राऊंड आणि रेंजचा एक दिवस, तोही चाळीस बॉलचा, गवतावर मारायला मिळत असेल तर गवतावर. स्पर्धेचा आठवडा असेल तर रेंज बंद. टी-ऑफच्या आधी दहा मिनिटं कंबर आणि खांदे मोकळे करा, गाडीतून उतरून सरळ ड्रायव्हर मारणारे लोक मला आजवर कळले नाहीत.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. पहाटे नुसता चहा पिऊन चार तास चालू नका, आधी केळं, मध्ये चिक्की नाहीतर मूठभर शेंगदाणे, पाण्याच्या जोडीला मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस. नाइन्टीन्थ होलची (म्हणजे खेळानंतर क्लबच्या बारमधली) बिअर हे पाणी नव्हे. एप्रिल-मे मध्ये मुंबईच्या दमटात सकाळी नऊच्या पुढे खेळणं टाळा, नवव्या होललाच संपवून घरी या, आणि पावसाळ्यात फेअरवे भिजलेला असतो, बॉल रोल होत नाही, पाय जड पडतात, तेव्हा तेवढ्याच होलना जास्त दमायला होतं हे धरून राऊंड कमी करा.

आणि एवढं सगळं करूनही दोन महिन्यांनी टी-ऑफचा मेसेज आला की पोटात गोळा येत असेल, तर क्लबच्या ऑफिसात जाऊन मेंबरशिप काही काळ थांबवता येते का ते विचारून घ्या, काही ठिकाणी तशी सोय असते. किट मात्र विकू नका लगेच, सेकंडहँडला भाव फार पाडून मागतात.